चाळीस वर्षं आणि अठरा दिवस

२०२२ साली महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली. दिवसाला जवळजवळ ४२. आता दुसरा आकडा घ्या. गडचिरोली जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी १९८०च्या दशकापासून आजवर पाचशेहून अधिक नागरिक आणि दोनशेहून अधिक पोलिस मारले. दोन्ही मिळून साडेसातशे धरू. चाळीस वर्षांहून अधिक काळाचा हा हिशेब राज्यातले रस्ते अठरा दिवसांत पुरा करतात. आत्महत्यांचा आकडा त्याहून मोठा आहे. त्याच २०२२ साली राज्यात २२,७४६ जणांनी स्वतःचा जीव घेतला, म्हणजे दिवसाला ६२. त्या हिशेबाने साडेसातशे व्हायला बाराच दिवस लागतात.

मेलेल्या माणसांची अशी बेरीज-वजाबाकी करणं कुणाला क्रूर वाटेल. मला ती करावीशी वाटते, कारण गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांबद्दल उरलेला महाराष्ट्र जे बोलतो त्यात आकडे फारसे नसतातच. असते ती भीती. आणि त्या भीतीची किंमत पुण्या-मुंबईचा माणूस मोजत नाही, गडचिरोलीतल्या भामरागड आणि एटापल्लीचा माणूस मोजतो.

आधी आकारमान बघू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ ६०३ आहे, म्हणजे गडचिरोलीत चोवीस मुंबया मावतील. गोव्याशी तुलना केली तर जवळपास चार गोवे. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली, आणि एवढ्या भूभागावर २०११च्या जनगणनेत माणसं होती १०,७२,९४२. एका चौरस किलोमीटरमध्ये ७४. राज्याची सरासरी त्या वर्षी ३६५ होती. गडचिरोली गावातून दक्षिण टोकाच्या सिरोंच्याला जायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं, म्हणजे मुंबईहून नाशिकला जाऊन पुढे आणखी थोडं. सिरोंच्यात काही घडलं की बातमी 'गडचिरोलीत' म्हणून छापली जाते, आणि उत्तर टोकाच्या कोरचीच्या माणसाला नागपूरच्या नातेवाइकाचा फोन येतो, सगळं ठीक आहे ना?

शेजारच्या चंद्रपूरचं क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २२,०४,३०७. दोन्ही जिल्हे मिळून साधारण ३३ लाख माणसं. या लेखात मी पुन्हा पुन्हा 'लाखामागे' म्हणणार आहे, कारण नुसता आकडा फसवतो. लाखामागे किती हे विचारलं की गोष्ट कुठे मोठी आणि कुठे लहान ते कळतं.

देशात २०२२ साली २८,५२२ खून झाले. लाखामागे २.१. महाराष्ट्रात त्या वर्षी २,२९५ खून नोंदले गेले, तो दर दोनाच्याही आत येतो. जगाची सरासरी लाखामागे सुमारे ६ आहे. मुंबईत वर्षाला खून होतात दीडशेच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने देशाच्या सरासरीहून कमीच. पण गडचिरोलीतल्या आईला मुलाला मुंबईला पाठवताना धाकधूक वाटते, कारण तिने मुंबई सिनेमात पाहिलेली असते. आणि मुंबईच्या आईला मुलाला गडचिरोलीला पाठवताना धाकधूक वाटते, कारण तिने गडचिरोली फक्त बातम्यांत पाहिलेली असते.

आता गडचिरोलीचं सगळ्यात वाईट वर्ष घेऊ. २००९. त्या वर्षी १ फेब्रुवारीला मरकेगावजवळ १५ पोलिस मारले गेले, २१ मे रोजी हत्तीगोटा इथे १६, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ १७. तीन हल्ल्यांत ४८. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीत त्या वर्षी महाराष्ट्रात नक्षली हिंसाचाराच्या १५४ घटना आणि ९३ मृत्यू आहेत, नागरिक आणि पोलिस मिळून. हे सगळे ९३ एकट्या गडचिरोलीच्या नावावर टाकले तरी दर येतो लाखामागे ८.७. राज्याचा २०२२चा आत्महत्येचा दर आहे १८.१. रस्त्यावरच्या मरणाचा दर बाराच्या आसपास. म्हणजे गडचिरोलीचं रक्ताने माखलेलं वर्ष घ्या आणि उरलेल्या महाराष्ट्राचं साधं, कुणालाही न आठवणारं वर्ष घ्या. नक्षली हिंसाचाराने मरण्यापेक्षा रस्त्यावर किंवा आत्महत्येने मरण्याची शक्यता त्या साध्या वर्षात जास्त होती.

पुढची वर्षं पाहा. २०१० साली ४५ मृत्यू, २०११ साली ५४, २०१३ साली १९, २०१७ साली १६, २०१८ साली १२, २०१९ साली ३४, २०२० साली ८. आठ म्हणजे लाखामागे एकसुद्धा नाही. पण २०१०चं गडचिरोली आणि २०२०चं गडचिरोली यांत बाहेरच्या माणसाच्या मनात काही फरक पडला का? तिथल्या बदलीचा आदेश हातात पडल्यावर घरात जी शांतता पसरते तिच्यात तरी पडला नाही.

इथे थांबून उलट बाजू मांडली पाहिजे, नाहीतर मीही आकड्यांनी फसवल्यासारखं होईल. सरासरी ही सगळ्यांची असते, धोका मात्र सगळ्यांचा सारखा नसतो. त्या ४८ पोलिसांचा हिशेब त्यांच्या दलापुरता करा. जिल्ह्यात पोलिस दहा हजार होते असं अगदी सढळ हाताने धरलं, तरी फक्त तीन हल्ल्यांमुळे तो दर लाखामागे ४८० होतो. देशाच्या खुनाच्या दराच्या दोनशे पटींहून जास्त. त्या पोलिसाच्या बायकोला वाटणारी भीती हा गैरसमज नव्हता, ती तंतोतंत खरी होती. तसंच आतल्या गावातल्या माडिया आदिवासी माणसाचं. रात्री माणसाला घरातून उचलायचं, खबऱ्या ठरवून मारायचं, प्रेताशेजारी पत्रक ठेवायचं, ही नक्षलवाद्यांची पद्धत एका माणसासाठी नसतेच. ती आसपासच्या वीस गावांनी गप्प बसावं म्हणून असते. मेला एक, पण पाटलापासून कोतवालापर्यंत सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. अशा दहशतीचं वजन मृतांच्या संख्येत मावत नाही हे मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की ती दहशत ज्यांच्यासाठी नव्हतीच अशा भलत्यांनीही ती अंगाला लावून घेतली. आणि मारले गेलेले नागरिक बहुतेक सगळे आदिवासीच होते, ही गोष्ट भिणाऱ्यांना बहुधा ठाऊकही नसते.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याच्या रस्त्यावर भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडाली, १५ जवान आणि चालक गेले. राज्यभर सगळ्यांना ते आठवतं आणि आठवायलाच हवं. त्या वर्षी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १२,७८८ माणसं मेली. त्याच दिवशी, सरासरीने, ३५. दुसऱ्या दिवशी ३५. तिसऱ्या दिवशी ३५. त्यांचं एकत्र छायाचित्र कधी निघालं नाही, कारण ती वेगवेगळ्या वळणांवर, वेगवेगळ्या पुलांवर, एकेकटी मेली.

माणसाचं मन असं का चालतं यावर अमेरिकेत १९७८ साली साराह लिख्टेनस्टाइन, पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. लोकांना विचारलं, कशाने जास्त माणसं मरतात? लोकांना वाटलं, आत्महत्यांपेक्षा खून जास्त. प्रत्यक्षात आत्महत्या जास्त होत्या. जे छापून येतं, जे डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं, ते मन जास्त मोजतं. गॅलपच्या पाहण्यांतही हेच दिसतं. १९९३पासून अमेरिकेतले हिंसक गुन्हे जवळपास निम्म्यावर आले, तरी त्यानंतरच्या २७ पाहण्यांपैकी २३ वेळा दहापैकी सहा किंवा त्याहून जास्त लोकांनी सांगितलं की गेल्या वर्षापेक्षा गुन्हे वाढलेत. इतक्या वर्षांत त्यांच्या उत्तराला खाली येणाऱ्या आलेखाचा फारसा धक्का लागला नाही. महाराष्ट्रात तर २०२२ साली आत्महत्या खुनांच्या जवळपास दहापट होत्या, हे आपल्यापैकी किती जणांनी न अडखळता सांगितलं असतं?

आता चंद्रपूरकडे येऊ. इथला आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा तपासावासा वाटला.

डिसेंबर २०२२मध्ये तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी विधिमंडळात सांगितलं की त्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात मानव-वन्यजीव संघर्षात ५३ माणसं गेली. २०११च्या लोकसंख्येने भागलं तर लाखामागे २.४. लोकसंख्या तेव्हापासून वाढली असणार, ती २४ लाख धरली तरी २.२. देशाचा खुनाचा दर २.१. म्हणजे भारतात माणसाने माणसाला मारण्याचं जे प्रमाण आहे, त्याहून जास्त प्रमाणात चंद्रपुरात त्या वर्षी वन्यप्राण्यांनी माणसं मारली. एकविसाव्या शतकात, औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी असलेल्या जिल्ह्यात.

याचं कारणही आकड्यांतच आहे. महाराष्ट्रात २०१४च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८मध्ये ३१२, २०२२मध्ये ४४४. आठ वर्षांत दुपटीहून जास्त. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा, त्यात गाभा ६२५ आणि बाकीचं बफर. एवढ्यात सगळे वाघ मावत नाहीत. ते ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल, नागभीड, चिमूर या तालुक्यांच्या झुडपी जंगलात आणि धानाच्या बांधांपर्यंत येतात, आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत जातात. 'सीटी-१' नावाने ओळखला गेलेला वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा भागात पकडला गेला, तोवर त्याने तीन जिल्ह्यांत १३ माणसं मारली होती.

इथेही सरासरी फसवते. चंद्रपूर शहरात दुकान चालवणाऱ्याला वाघाचा धोका शून्य. जिप्सीत बसून ताडोबा पाहणाऱ्या पाहुण्याला जवळपास शून्य. मग ते ५३ कोण? धोका कुणाला आहे हे समजायला मे महिन्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम पाहावा लागतो. सत्तर पानांचा एक पुडा. हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. प्रत्येक पान हाताने खुडायचं. ऊन चढायच्या आत काम व्हावं म्हणून बाई उजाडायच्या आधी घरातून निघते. चांगलं पान मोठ्या झाडाला नसतं, छाटलेल्या खुंटाला फुटलेल्या नव्या धुमाऱ्याला असतं, म्हणजे गुडघ्याच्या उंचीवर. त्यामुळे बाई वाकलेली असते, नाहीतर उकिडवी बसलेली, मान खाली, हात पानावर, पदरात ओझं. झुडपाआडून पाहणाऱ्या वाघाला उभा माणूस दिसत नाही. दिसते ती जमिनीलगत हलणारी पाठ. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यात जिल्ह्यातल्या बळींची संख्या दहाच्या पुढे गेली.

वन्यप्राण्याने मारलं तर सरकार आता वारसाला २५ लाख रुपये देतं. ते योग्यच आहे. पण घरून निघताना त्या बाईला वाघ दिसत नाही असं नाही. तिला जूनमधल्या बी-बियाण्याचा आणि शाळेच्या दप्तराचा खर्च त्याहून आधी दिसतो. भीती न वाटणं वेगळं आणि भीती परवडणं वेगळं. तेंदू तोडणारीला ती परवडत नाही.

आणि नागपूरचं एखादं कुटुंब पैसे भरून, महिनाभर आधी आरक्षण करून, लहान मुलांना घेऊन वाघ बघायला ताडोब्याला येतं, आणि तेच कुटुंब मुलीला गडचिरोलीत नोकरी लागली तर तिला पाठवू की नको यावर आठवडाभर बोलतं. वाघाची भीती गंमत झाली आणि गावकऱ्याची भीती धोका झाली. दोन्ही ठिकाणी आकडे उलटं सांगतात.

सापाबद्दल तर बोलायलाही कुणी बसत नाही. 'मिलियन डेथ स्टडी' या मोठ्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला ५८,०००. देशातल्या खुनांच्या दुप्पट. नुसती ही देशाची सरासरी आपल्या दोन जिल्ह्यांच्या ३३ लाखांना लावली तर वर्षाला दीडशे मृत्यू येतात, वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांच्या त्या भयंकर वर्षाच्या जवळपास तिप्पट. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. पावसात मण्यार कोरडी जागा शोधत घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, आणि तिच्या दंशाची खूण इतकी बारीक असते की पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी झालं. ते पुजाऱ्याकडे नेतात. मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आरोग्य केंद्राकडे. आणि पर्लकोटा नदीला पूर असेल तर भामरागडच्या अलीकडेच थांबावं लागतं.

मलेरियाचंही तसंच. गडचिरोलीत राज्याची जेमतेम एक टक्का लोकसंख्या आहे. काही वर्षं राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त रुग्ण या एका जिल्ह्यातले होते. एका टक्क्याकडे निम्मा ताप. याला कुणी 'मलेरियाग्रस्त जिल्हा' म्हणत नाही. म्हणतात ते 'नक्षलग्रस्त'.

आतापर्यंत मी मरणाबद्दल बोललो, कारण मरण मोजणं त्यातल्या त्यात सोपं. गुन्ह्याचा आकडा मात्र मुळातच निसरडा आहे, आणि हे दोन जिल्हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहेत.

गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला आली आणि मे २०२१मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. ३१ मार्च २०१५च्या संध्याकाळी चंद्रपुरात परवानाधारक दुकानातून बाटली आणणारा माणूस ग्राहक होता. दुसऱ्या दिवशी तीच बाटली घेऊन जाणारा तोच माणूस आरोपी. बंदीच्या पाच वर्षांत दारूच्या गुन्ह्यांची नोंद आधीच्या पाच वर्षांपेक्षा दुपटीहून जास्त झाली, आणि बंदी उठवावी म्हणणाऱ्यांनी हाच आकडा पुढे केला, की बघा, गुन्हेगारी वाढली. पण ती वाढ कशाची होती? काही अंशी तस्करीची, ती खरी होती आणि वाईटच होती. काही अंशी मात्र कायद्याने गुन्ह्याची व्याख्याच रुंद केली होती, याची. कुठल्या घरात नवरा पिऊन कमी वेळा आला, कुणाचा पगार घरी पोचला, हे त्या रकान्यात येत नाही. बंदी असावी की नसावी यावर चांगली माणसं भांडतात, भांडू देत. पण गुन्ह्याची संख्या वाढली म्हणजे गाव बिघडलं, एवढा सरळ रस्ता तिथून निघत नाही.

उलट दिशेनेही हेच झालं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी स्वतःच्या जंगलातला बांबू तोडून विकणारा गोंड माणूस वन खात्याच्या वहीत गुन्हेगार होता. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर तोच बांबू, तोच कोयता, तीच वाट, आणि ग्रामसभेच्या खात्यात रक्कम जमा. पुढे जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. एका कागदाने किती 'गुन्हे' पुसले गेले याचा हिशेब कुणी केला असेल तर तो वाचायला मला फार आवडेल.

आणि मग जे गुन्हे असून वहीत येतच नाहीत ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. चौघींत एक. या दोन जिल्ह्यांत त्या वयाच्या सहा लाख विवाहित बाया आहेत असं धरलं तर दीड लाख. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसणाऱ्या शंभरातल्या ७७ जणींनी कधी कुणाला सांगितलंच नाही. रात्री रस्त्यावर भेटणाऱ्या अनोळखी माणसाची भीती मुलींना आपण लहानपणापासून शिकवतो. आकड्यांचं बोट मात्र घराच्या आत जातं, आणि तिथे ना भूसुरुंग असतो ना वाघ. पोलिस ठाणं तीस-चाळीस किलोमीटरवर, जायला दुपारची एकच गाडी, आणि भांडण गोटुलात, म्हणजे आदिवासींच्या सामूहिक घरात, किंवा गावच्या बैठकीत मिटवायची जुनी रीत. त्या रीतीचे गुण पुष्कळ आहेत. पण बैठकीत बाईला बसायला जागा नसेल तर नोंद कमी होते, मार कमी होत नाही.

भीतीची किंमत आतला माणूस मोजतो असं सुरुवातीला म्हटलं, त्याचा हिशेब आता करता येईल. नक्षलग्रस्त भागातल्या नोकरीसाठी सरकार एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी देतं. म्हणजे भीती पगारपत्रकात छापलेली आहे. तरीही लोक येत नाहीत, आले तर बदलीच्या खटपटीत राहतात. डॉक्टर नसला की सर्पदंशावरचं प्रतिविष फ्रीजमध्ये असूनही टोचायचं धाडस कुणी करत नाही. नक्षलवाद्यांनी रस्त्याची यंत्रं जाळली, मग ठेकेदार फिरकला नाही, म्हणून रस्ता झाला नाही, म्हणून रुग्णवाहिका आली नाही, म्हणून बाळंतीण खाटेच्या कावडीवर निघाली. हे मृत्यू नक्षली हिंसाचाराच्या तक्त्यात येत नाहीत, पण मूळ धरून मोजलं तर त्यांतले कित्येक त्याच तक्त्यातले आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा भागाला अहेरीची एसटी मिळाली १ जानेवारी २०२५ला. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाली होती. आणि मोठ्या भीतीकडे बघता बघता नवी जवळ येऊन ठेपलीच आहे. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर धावायला लागले, तेव्हापासून त्या बाजूच्या गावांतली माणसं बंदुकीबद्दल कमी आणि चाकाबद्दल जास्त बोलतात. लोकांची भीती आकड्यांच्या जवळ आलेली मला पहिल्यांदा तिथेच दिसली.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याच महिन्यात केंद्राने सर्वाधिक नक्षलग्रस्त जिल्ह्यांची यादी सहावरून तीनवर आणली. उरलेले तिन्ही छत्तीसगडचे. गडचिरोली त्या यादीत नाही.

यादी बदलली, आता बोलणंही बदलावं, म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या वार्ताहरांना आणि संपादकांना माझी विनंती आहे. दर महिन्याला तालुकावार एक चौकट छापा. रस्ता, साप, वाघ, आत्महत्या, मलेरिया, खून, सगळं शेजारी शेजारी आणि लाखामागे. वर्षभर छापा. आणि ज्यांच्या हातात गडचिरोलीचा आदेश पडला आहे, त्या डॉक्टरांना, शिक्षकांना, तलाठ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगतो, जा. मच्छरदाणी न्या आणि ती रोज गादीखाली खोचून झोपा. अंधारात पाऊल टाकताना हातात टॉर्च असू द्या. दुचाकी चालवणार असाल तर हेल्मेट घाला.